हरण्या आला कुठून? केळीची पानं तपासून घेतल्याचा माझा अनुभव

केळीवर हरण्या हा रोग आला की डोळ्यांना दिसतो. कोवळ्या पानावर शिरांच्या दिशेने पिवळे पट्टे पडतात, कडा मुडपतात आणि झड लांबली तर पोंगा, म्हणजे नवं पान निघतं तो गाभाच सडतो. मग तपासणीवर पैसे कशाला घालवायचे, असं आमच्या रावेरकडच्या बऱ्याच जणांनी विचारलं. जस्त कमी पडलं तरी पट्टे येतात, हे एक कारण होतंच. पण मला मुख्यतः हे शोधायचं होतं की रोग टिश्यूकल्चर रोपांतून आला की शिवारातून. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड, लावून झाली होती, मात्र नांग्या (बागेतल्या रिकाम्या जागा) भरायला ठेवलेली त्याच लॉटची रोपं अजून शेडनेटखाली पिशव्यांतच होती. ती हातात होती म्हणून या प्रश्नाचा छडा लागू शकत होता.

हरण्याचा विषाणू म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, सीएमव्ही. प्रयोगशाळेत फोन केला तेव्हा तिथल्या ताईंनी आधी नमुना कसा घ्यायचा तेच नीट सांगितलं. जुनं पान नको, सगळ्यात कोवळं उमललेलं पान घ्या. शेतातले आणि शेडनेटमधले नमुने वेगळ्या पिशव्यांत ठेवा, प्रत्येकीवर चिठ्ठी लावा. बर्फाच्या डब्यातून आणा, पण पान गोठू देऊ नका. "दादा, विषाणू झाडात सगळीकडे सारखा नसतो. चुकीचं पान आणलंत तर रोगी झाडसुद्धा निरोगी दिसेल," असं त्या म्हणाल्या. हे वाक्य मी आता भेटेल त्याला सांगतो.

तिथे आधी एलायझा केली. विषाणूला पकडणारी प्रतिपिंडं प्लेटच्या खळग्यांत बसवलेली असतात. त्यात पानाचा रस घालतात, धुतात, मग विकर (एन्झाइम) जोडलेली प्रतिपिंडं घालतात आणि शेवटी रंग देणारं रसायन. विषाणू असेल तर खळगा पिवळा होतो आणि यंत्र त्या रंगाची तीव्रता मोजतं. वनस्पतींच्या विषाणूंसाठी ही प्लेटची पद्धत १९७७ साली मांडली गेली, तेव्हा ज्या विषाणूंवर ती पारखली त्यांत आलुबुखार आणि जर्दाळूच्या झाडांचा प्लम पॉक्स होता. युरोपातल्या त्या बागायतदारांचं दुखणं आपल्यासारखंच: झाडावर औषध नाही, लवकर ओळखून उपटणं हाच उपाय, आणि रोग पसरवणारी कीड म्हणजे मावा.

शेतातले पट्टेवाले नमुने पॉझिटिव्ह आले. पिशव्यांतली रोपं निगेटिव्ह. विषाणू अगदी कमी असेल तर एलायझाला सापडत नाही, म्हणून त्या रोपांची आरटी-पीसीआरही करून घेतली. सीएमव्हीचा जनुकीय मजकूर आरएनएमध्ये असतो. तो आधी डीएनएत उतरवून मग त्याच्या प्रती वाढवतात. केळीच्या चिकामुळे चांगला आरएनए काढणं जिकिरीचं, त्यामुळे खर्च आणि वेळ दोन्ही जास्त. तीही निगेटिव्ह आली. थोड्या रोपांवरून सगळ्या लॉटची हमी देता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट बजावलं. तरी माझा संशय शिवाराकडे वळला.

शिवारात कारणं समोरच होती. एका अंगाला कपाशी, बांधावर गिलक्याचे वेल, सरीत केना हे तण. गिलक्यात आणि केन्यातही हा विषाणू राहतो. कपाशीवरचा मावाच हा विषाणू नेतो. रोगट झाडाला क्षणभर सोंड लावली तरी तो पुढच्या झाडाला रोग देऊ शकतो. फवारणीने मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. म्हणून नुसत्या औषधावर माझा भरवसा नाही. पट्टेवाली झाडं मुळासकट काढून बागेबाहेर गाडली. वाढीला लागलेली झाडं उपटताना जीव तुटतो, पण एकही ठेवलं नाही. केना काढला. शेजारच्या अप्पांना रिपोर्ट वाचून दाखवला. ते आधी रोपवाटिकेवाल्याशी भांडायला निघाले होते. त्यांनी गिलक्याचे वेल काढून टाकले.

इथून पुढे रोपं बुक करताना मी जैवतंत्रज्ञान विभागाच्या प्रमाणीकरण योजनेचं, म्हणजे २००६ पासून चालू असलेल्या एनसीएस-टीसीपीचं, त्या बॅचचं प्रमाणपत्र मागणार आहे. कंपनीचं मान्यतापत्र वेगळं आणि बॅचचं वेगळं; आपल्याला बॅचचं हवं. नांग्या मात्र मी ढगाळ हवा सरून मावा कमी होईपर्यंत भरल्या नाहीत. ती झाडं मागे राहतील आणि घड उशिरा येतील, ते मला चालेल.