तुम्ही विचारलंत म्हणून: अजून विंडोज १० च का?

माझ्या डीटीपीच्या दुकानात, म्हणजे लग्नपत्रिका कॉम्प्युटरवर जुळवून छपाईला देते तिथं, येणारा जो तो स्क्रीनकडं बघून हेच म्हणतोय, "ताई, अजून दहाच? सपोर्ट बंद झाला की." झाला, माहीत आहे मला, १४ ऑक्टोबर २०२५ ला झाला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. आता एकदाच लिहून टाकते.

माझ्या पीसीचा प्रोसेसर इंटेल आय-५ आहे पण चौथ्या पिढीचा, विंडोज ११ ला आठवी पिढी लागते आणि वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, खाडाखोड करून बसवता येतं हे भाच्यानं सांगून झालंय, तुम्ही नका सांगू. अडलंय ते दुसरीकडंच. विंडोज दहापर्यंत ३२ आणि ६४ बिट अशा दोन प्रकारांत यायचं, अकरा फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि माझ्या मराठी फॉन्टच्या डोंगलचा, म्हणजे पीसीला लावली तरच फॉन्ट चालतात त्या किल्लीचा, ड्रायव्हर आहे ३२ बिटचा, तो ६४ बिट विंडोज घेतच नाही.

हे मला कसं कळलं ते ऐका. जानेवारी २०२०, विंडोज ७ बंद झालं तेव्हा. संक्रांत झालेली, लग्नसराई भरात. ओळखीतला एक पोरगा म्हणाला रात्रीत दहा टाकून देतो, आणि त्यानं सी ड्राईव्ह फॉरमॅट मारून न विचारता ६४ बिट टाकलं, "फास्ट चालतंय ताई". चाललंही फास्ट. सकाळी शटर वर करते तर गडहिंग्लजचे एक मामा पायरीवरच बसलेले, भाचीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला, दुपारी छपाईच्या प्लेटला जायचं होतं. फाईल उघडली. गणपती जागेवर, बॉर्डर जागेवर, आणि 'श्री गणेशाय नमः' च्या जागी डोक्यावर टिंबं असलेले इंग्रजी ए आणि यू, मधे पाव-अर्ध्याची चिन्हं, खालपर्यंत सगळं तसलंच. डोंगल काढला, परत घातला, मागच्या पोर्टला घातला, दिवा काय लागेना. मामांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आवं, ह्यात आमची पोरगी कुठं हाय?" दहा टाकणारा पोरगा फोन उचलेना. शेवटी मामांना स्कूटीवर मागं बसवून कोल्हापुरातल्या बिंदू चौकाकडच्या एका डीटीपीवाल्या काकांकडं गेले, धंद्यात आमची चढाओढ, पण त्यांनी हातातलं काम बाजूला सारून फाईल उघडली, प्लेटसाठी ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून दिली आणि पैसे काय घेतले नाहीत. मग ३२ बिटचं दहा टाकून घेतलं, डोंगलचा दिवा लागला, तो आजपर्यंत लागतोय.

म्हणजे ताई घाबरते असं म्हणाल. म्हणा की. २०१४ ला विंडोज एक्सपी बंद झालं तेव्हा ते सोडत नाहीत म्हणून ह्याच काकांना मी हसायचे. तेव्हाची मी आज भेटली तर म्हणेल, युनिकोडवर ये, म्हणजे मराठी कुठल्याही मशीनवर दिसेल, नवा पीसी हप्त्यावर घे. बरोबरच आहे तिचं. पण थोरलीची पत्रिका माझ्याकडं केलेली माणसं धाकटीच्या वेळी "तीच काढा, नावं बदला" म्हणत येतात, ती फाईल जुन्या फॉन्टातली. जुना फॉन्ट युनिकोडात बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं कुठं सरकतील नेम नाही, आणि 'आपले नम्र' च्या खाली अख्खी भावकी असते, एक नाव चुकलं की संपलं.

बँकेचं नि जीएसटीचं काम मी त्या मशीनवर करत नाही. नेटच काढून टाकावं म्हटलं तर गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवतंय. वाढीव सिक्युरिटी अपडेटला नाव नोंदवलंय, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पुढं काय ते तुळशीच्या लग्नाआधी ठरवायला लागेल, नंतर मला मान वर करायला फुरसत नसते.