तुम्ही विचारलंत म्हणून : पाचवीपर्यंतचं गणित शिकवायला दोन वर्षं कशाला?

"डी.एड. करतेस ना? बेरीज-वजाबाकी शिकवायला दोन वर्षं काय शिकवतात गं तुम्हाला?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, ठाणे-कळवा लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही विचारला जातो. (प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या या कोर्सचं नाव आता डी.एल.एड. आहे, पण ते दुरुस्त करायच्या भानगडीत मी पडत नाही.) विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. चार क्रिया, थोडे अपूर्णांक, पाढे. सगळ्यांना येतं ते.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पण त्याआधी तुम्ही एक करा. पावणेदोन भागिले अर्धा, याचं उत्तर काढा. दुसरा अपूर्णांक उलटा केला आणि गुणलं की साडेतीन येतात. आलं? आता याच उदाहरणाची गोष्ट रचा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला कळेल असं शाब्दिक उदाहरण, ज्याचं उत्तर साडेतीन.

आमच्या अध्यापक विद्यालयात गणिताच्या मॅडमनी हेच सांगितलं तेव्हा वर्गात भराभर पेनं चालली. बहुतेकांनी लिहिलं ते साधारण असं : आईने पावणेदोन किलो चिवडा दोन भावंडांत सारखा वाटला, तर प्रत्येकाला किती? वाचायला झकास. पण हे झालं भागिले दोन. प्रत्येकाच्या वाट्याला किलोसुद्धा येत नाही, साडेतीन कुठून येणार? मॅडमनी काही न बोलता फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, 'अर्धं करणे' आणि 'अर्ध्याने भागणे', आणि खडू खाली ठेवला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "पण मॅडम, अर्ध्या माणसाला वाटायचं कसं?"

अडचण नेमकी तीच होती. भागाकार दोन तऱ्हेचा असतो, हे आपल्याला लहानपणी कुणी बोलून दाखवलेलं नसतं. १२ लाडू ३ मुलांत वाटले, ही झाली वाटणी. १२ लाडवांचे ३-३ चे पुडे बांधले, हे झाले गट. दोन्हींचं उत्तर ४. म्हणून फरक दिसत नाही, पण हातांना करायचं काम वेगळं आहे : वाटणीत एकेक लाडू फिरवत जायचा, गटात तीन-तीन उचलून बाजूला काढायचे. पूर्ण संख्या असल्या की दोन्ही वाटा चालतात. भाजक अर्धा आला की 'अर्ध्या मुलाला' वाटायची वाट बंद होते आणि गटाची वाट सताड उघडी असते.

ती सापडली एका मैत्रिणीला. तिच्या वडिलांचं जांभळी नाक्याजवळ किराणा दुकान आहे. तिचं उदाहरण : पावणेदोन किलो शेंगदाणे आहेत, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या भरायच्या, किती भरतील? तीन पिशव्या भरल्या, दीड किलो संपलं, पाव किलो उरलं. लगेच वर्गातून उत्तर आलं, सव्वातीन! उरलेलं पाव बिचाऱ्याने जसंच्या तसं उत्तराला जोडलं. पण पाव हे किलोचं आहे, आणि आपण मोजतोय पिशव्या. पाव किलोत अर्धी पिशवी भरते. तीन आणि अर्धी, साडेतीन. यावर अख्खा तास गेला, आणि शेवटी एकीने विचारलं की भागल्यावर संख्या मोठी कशी झाली. पिशवी किलोपेक्षा लहान आहे, म्हणून पिशव्यांची संख्या किलोंच्या संख्येपेक्षा मोठी. 'भागलं की कमी होतं' असं आपण पहिल्या इयत्तांत मुलांच्या डोक्यात घालतो आणि पुढे तेच त्यांना आडवं येतं.

आम्ही दोन वर्षं मुख्यतः हे शिकतो. उत्तर काढायला नव्हे, त्या उत्तराची गोष्ट रचायला. गोष्ट रचताना कळतं की आपल्याला रीत येते, पण रीत कशाची आहे ते कधी पाहिलेलं नाही.

गोष्टीची दुसरी बाजू शाळेत दिसते, आंतरवासितेला, म्हणजे शाळेत शिकवायच्या सरावाला, गेलं की. तिसरीच्या वर्गात मी उदाहरण दिलं : एका बाकावर ३ माणसं बसतात, १४ माणसांना किती बाक लागतील? ४ बाक भरतात, २ माणसं उरतात, त्यांना अजून एक, म्हणून ५. एका मुलाने लिहिलं ४. पाटी पाहून कुणीही म्हणेल, बाकी विसरला. मी विचारलं, "कसं रे?" तो म्हणाला, "बाई, चौथी सीट देतील ना. दोनच तर उरलेत."

रोज लोकलने जाणाऱ्या घरातलं पोर! तिथे तिघांच्या बाकावर चौथाही सरकून बसतो. त्याचा भागाकार बिनचूक होता. बाकी २ हे त्याला माहीत होतं. फक्त त्या दोघांचं काय करायचं याचा निर्णय त्याने ट्रान्स-हार्बर लोकलच्या डब्याप्रमाणे घेतला. आणि बाकीचं काय करायचं हा निर्णय खरोखरच गोष्टीवर ठरतो. बाक असतील तर एक वाढवायचा. भरलेल्या पिशव्या विचारल्या असतील तर उरलेलं सोडून द्यायचं. चिक्की असेल तर मोडून वाटायची. मी त्याला चूक दिली नाही. मार्गदर्शक शिक्षिका मात्र म्हणाल्या की परीक्षेत ५ च लिहायचं हेही त्याला सांगून ठेव. तेही बरोबरच आहे म्हणा.

आता हातच्याचं. हा घराघरातला वाद आहे. ५२ मधून २७ वजा करायचे. माझी आजी म्हणते : दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन, पंचवीस. शाळेत आता वरच्या पाचातला एक दशक सुटा करून चार उरवतात. काड्यांनी केलं की हे डोळ्यांना दिसतं : दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या, एका गठ्ठ्याचं रबर काढलं की चार गठ्ठे आणि बारा सुट्या. पण आजीच्या पद्धतीत तर वरचा पाच पाचच राहतो आणि खालचा दोन तीन होतो. मूल घरी एक ऐकतं, शाळेत दुसरं, मग दोन्हीकडचं एकदम करून पंधरावर येतं. अशा वेळी "आजीचं चूक आहे" म्हणणारी शिक्षिका मला आवडत नाही. आजीची रीत पक्की आहे. वरच्या संख्येत दहा सुटे मिळवले, खालच्या संख्येत एक दशक मिळवला. दोन्हीकडे दहाच वाढले. ५२ वर्षांची आई आणि २७ वर्षांची लेक यांच्या वयात आज २५ चा फरक आहे, दहा वर्षांनीही तेवढाच असेल. काड्यांचा गठ्ठा सुटा करून ही रीत दाखवता येत नाही, म्हणून शाळेने ती रीत मागे ठेवली. पण आजीचा हातचा कुठून येतो ते बाईंना ठाऊक हवं.

संख्यांच्या नावांची एक वेगळीच कटकट आहे. 'एकोणसाठ' ऐकलं की साठाकडे कान गेलेलं पोर ६९ लिहितं. 'बावन्न'मध्ये दोन आधी ऐकू येतात, म्हणून २५. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात जुन्या वाचनाबरोबर 'वीस एक', 'साठ तीन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांची अडचण समजावून सांगत होत्या आणि बाकी महाराष्ट्र विनोद करत होता. मला स्वतःला जुनी नावं टिकावीत असंच वाटतं, बाजारात तीच चालतात. पण चाचपडणाऱ्या मुलाला पहिले काही आठवडे 'पन्नास नऊ' म्हणू दिलं तर मराठी बुडत नाही. तीनअंकी संख्यांत नाव सरळ झालं तरी मूल 'एकशे पाच' १००५ लिहितंच : आधी शंभर, मग पुढे पाच. तिथे शंभराच्या कार्डावरच्या शेवटच्या शून्यावर पाचाचं कार्ड ठेवून दाखवावं लागतं.

यातलं टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, काय येतं, असंही तुम्ही विचारता. पहिल्या पेपरात १५० गुण, त्यांतले ३० गणिताचे, चार पर्यायांतून एक निवडायचा. साडेतीन हा पर्याय निवडता आला की गुण मिळतो. शेंगदाण्याच्या पिशव्या कुणी विचारत नाही. त्यामुळे कोर्स आणि परीक्षा या दोन्हींचे आम्ही वेगवेगळे अभ्यास करतो, संध्याकाळी क्लासला जाऊन शेकडेवारीच्या युक्त्या पाठ करतो, आणि सकाळी पाठ टाचणात (तासाच्या आराखड्यात) 'उद्दिष्ट : विद्यार्थी गट करून भागाकाराचा अर्थ सांगतो' असं लिहितो.

राहिला तुमचा दुसरा नेहमीचा प्रश्न, भरती कधी निघणार. तो मॅडमनाही विचारून झालाय.