भाषिक वस्त्यांचा नकाशा: जी उत्तर वॉर्डाचं काम कुठवर आलं

मुंबईत कुठे कोणती भाषा बोलली जाते याचा नकाशा करतोय. त्यात महापालिकेच्या जी उत्तर वॉर्डावरून पहिला हात फिरवून झाला. असे नकाशे करणाऱ्या आपल्या सगळ्यांची अडचण एकच आहे: २०११ च्या जनगणनेत वॉर्डवार मिळतात ते लोकसंख्या, साक्षरता, अनुसूचित जाती-जमाती हे आकडे. मातृभाषेचा तक्ता मुंबई शहर आणि मुंबई उपनगर असे दोनच गठ्ठे देतो. उपनगराचा गठ्ठा ९३ लाखांवर.

पण वॉर्डवार भाषा मिळाली असती तरी अख्ख्या वॉर्डात एकच रंग भरणं मला पटलं नसतं. जी उत्तरमध्ये शिवाजी पार्क, माहीम आणि धारावी एकत्र येतात. नुसती धारावी घ्या. मूळचा कोळीवाडा आहे, ९० फुटी रस्त्याला लागून सौराष्ट्रातून आलेल्यांचा कुंभारवाडा आहे, आणि जवळच तमिळ वस्ती, तिरुनेलवेलीकडून चामड्याच्या धंद्यासाठी आलेल्यांची. कुंभारवाड्यात घरांच्या मधोमध भट्ट्या, कापसाच्या कचऱ्याचा धूर, वाळत घातलेल्या पणत्या चुकवत पाय टाकायचा आणि कानावर गुजराती. थोडं पुढे गेलं की पाट्यांवर तमिळ अक्षरं. म्हणून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्र रंगवणं सोडलं, आता गल्लीपुरते ठिपके देतोय.

ठिपक्यांना आधार महापालिकेच्या शाळांचा. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी अशी आठ माध्यमं आहेत, आणि तमिळ किंवा तेलुगू शाळा उगाच कुठेही निघत नाही. प्रार्थनास्थळांवर मात्र तेवढी भिस्त नको. भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १८६० च्या दशकापासून उभं आहे, पण ते बांधणाऱ्या बगदादी ज्यूंपैकी बहुतेक घराणी केव्हाच परदेशी गेली. अशा जागा नकाशाच्या ‘जुनी वस्ती’ या वेगळ्या थरात टाकल्यात.

इमारतवार नोंद मी करणार नाही आणि कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं. १९९२-९३ ची दंगल या शहराने पाहिली आहे. कुठल्या इमारतीत कोण राहतं याची यादी तयार मिळायला नको.

पुढचा भाग धोबी तलावचे गोवेकरांचे कूड, म्हणजे एकेका गावाच्या लोकांची राहण्याची सामायिक जागा, आणि लालबाग-परळमधल्या कोकणी गावकीच्या, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या खोल्या. दोन्हींची ओळख गावाच्या नावाने, त्यामुळे ठिपक्यासोबत गावाचं नाव हवंच. कुणाकडे नोंदी असतील तर गाव, गल्ली आणि खोली अजून चालू आहे का, एवढंच पाठवा. माणसांची नावं नकोत.