बोनेरच्या समुद्रात पाय न टेकवता

भंडारा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला तलावाचा तळ पायांनी कळतो. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेल्या आणि आज माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्याकडच्या तलावांचे पाणी श्रावणात इतके गढूळ असते, की त्यात बुडवलेला स्वतःचा हातही दिसत नाही. चिखल कुठे घोट्यापर्यंत आहे, शिंगाड्याच्या वेली कुठे पायात अडकतील, काठ कुठे एकाएकी खोल होतो, हे सारे आम्ही मुली पायाच्या बोटांनी चाचपतच शिकलो. कॅरिबियन समुद्रात स्नॉर्केलिंग, म्हणजे डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पृष्ठभागावर तरंगत पाण्याखालचे पाहणे, करायचे असेल, तर नेमकी हीच सवय आधी मोडावी लागते, कारण तिथे तळ लख्ख दिसतो आणि त्यावर पाय मात्र टेकवायचा नसतो.

माझा भाचा नेदरलँड्समध्ये नोकरी करतो. त्याच्या आणि भाचेसुनेच्या आग्रहाखातर मी बोनेर या बेटावर गेले. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर असलेले, जेमतेम २८८ चौरस किलोमीटरचे हे बेट २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. गंमत अशी, की कारभार डच, चलन अमेरिकन डॉलर आणि बाजारातली बोली पापियामेंटू. कॅरिबियन म्हटले की नारळाची झाडे आणि हिरवळ डोळ्यांपुढे येते. इथे मात्र उंच निवडुंग, काटेरी झुडपे, मोकाट गाढवे आणि शेळ्या दिसल्या. पाऊस इथे आमच्याकडच्यापेक्षा कितीतरी कमी पडतो. त्या कोरडेपणाचा समुद्राला मात्र फायदाच होतो, कारण माती वाहून आणणाऱ्या मोठ्या नद्या नसल्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी नितळ राहते. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर लाटा आदळत असतात आणि पश्चिमेचा किनारा बहुतेक वेळा शांत असतो. प्रवाळाची रांगही याच बाजूला काठाच्या अगदी जवळ असल्याने तिथे पोहोचायला बोटीची गरज पडत नाही.

पश्चिमेच्या रस्त्याने जाताना कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतात. त्यांवर पाण्यात उतरण्याच्या जागेचे नाव लिहिलेले असते. अशा एखाद्या दगडापाशी गाडी उभी करायची आणि सरळ पाण्यात शिरायचे, एवढाच काय तो सोहळा. 'थाउजंड स्टेप्स' नावाच्या जागी चुनखडीच्या कड्यातून दगडी पायऱ्या खाली उतरतात. नाव हजार पायऱ्यांचे असले, तरी त्या शंभरही भरत नाहीत. चढताना मात्र नाव खोटे वाटत नाही. खाली मऊ वाळूऐवजी मेलेल्या प्रवाळाचे पांढरे तुकडे पसरलेले असतात आणि अनवाणी चालणाऱ्याची परीक्षाच होते. छत्र्या, खुर्च्या, गाणी यांपैकी काहीच तिथे नव्हते.

गोड्या पाण्यात पोहायला शिकलेल्या शरीराला खारे पाणी आधी अविश्वसनीय वाटते. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असल्यामुळे ते पाणी तलावाच्या पाण्यापेक्षा जड असते आणि माणसाला वर उचलून धरते. तलावात तरंगायचे म्हणजे सतत हातपाय मारणे, ही माझी जन्मभराची समजूत होती. इथे पालथे पडून हात अंगालगत ठेवले, तोंडातल्या नळीतून सावकाश श्वास घेत राहिले, की शरीर आपोआप पृष्ठभागावर राहते. हे निष्क्रिय राहणेच सर्वांत अवघड जाते. घाबरलेला माणूस धाप लागल्यासारखा श्वास घेतो, पाय खाली सोडतो, आणि मग त्याचे फिन, म्हणजे पायांत घातलेले वल्ह्यासारखे पंख, प्रवाळावर आपटतात. प्रवाळ दगडासारखे दिसत असले, तरी ती लहान जिवांची वसाहत असते आणि काही जातींची वाढ वर्षाकाठी एक सेंटिमीटरही होत नाही. भाचा शेजारून पुनःपुन्हा हाताने खूण करायचा आणि डोके वर काढले की म्हणायचा, "मावशी, पाय वर घे."

मास्कच्या काचेतून पाण्याखालची वस्तू मुळाहून सुमारे एक तृतीयांश मोठी आणि अधिक जवळ दिसते. त्यामुळे पहिला पोपटमासा मला भलताच मोठा भासला. हा मासा आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडून त्यावरचे शेवाळ खातो, आणि तो खरवडण्याचा करकर आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. पोटात गेलेला चुना दळून तो वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. कॅरिबियन किनाऱ्यांवरच्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग असाच तयार झालेला आहे. निळ्या टँग माशांचा थवा, काठीसारखा उभा लटकणारा ट्रम्पेटमासा, मेंदूसारख्या वळ्या असलेले प्रवाळाचे गोळे, हे सारे एकाच जागी तरंगत राहिल्याने दिसले. पुढे पुढे धावणाऱ्यांना कासवाखेरीज काही नको असते. नागझिऱ्याच्या जंगलात वाघ दिसला नाही म्हणून तोंड पाडून परतणारे पर्यटक मी पुष्कळ पाहिले आहेत. समुद्रातही ती जमात आहेच. कासव मलाही दिसले. ते श्वास घेण्यासाठी वर आले आणि आमची काडीचीही दखल न घेता पुन्हा खाली गेले.

ही समृद्धी बेटाला आपोआप लाभलेली नाही. बोनेरने १९७१ मध्ये भाल्याने मासेमारी करण्यावर बंदी घातली, १९७५ मध्ये प्रवाळ तोडण्यावर, आणि १९७९ मध्ये सागरी उद्यान स्थापन केले. भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा समुद्र या उद्यानात येतो, त्यामुळे काठावर उभ्या असलेल्या माणसाचे ओले पायही उद्यानाच्या हद्दीत असतात. पाहुण्यांकडून निसर्गशुल्क घेतले जाते. प्रवाळाला घातक ठरणारे ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन २०२१ पासून बंद आहेत. मी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायघोळ घालून पाण्यात उतरले. आमच्या गावच्या दृष्टीने ते सभ्य होते आणि प्रवाळाच्या दृष्टीनेही सोयीचे.

समोरच्या क्लाइन बोनेर या निर्जन बेटाचा अनुभव आणखी वेगळा होता. तिथे हॉटेल बांधले जाऊ नये म्हणून ते १९९९ मध्ये खाजगी मालकाकडून विकत घेण्यात आले. नाव नसलेला किनारा, म्हणजे 'नो नेम बीच', हीच त्याच्या एका किनाऱ्याची ओळख आहे आणि कासवे तिथे अंडी घालतात. बोट प्रवाहाच्या वरच्या बाजूला सोडते आणि पाणीच माणसाला प्रवाळावरून हळूहळू किनाऱ्याकडे वाहून नेते.

दक्षिणेकडे मिठागरांच्या कडेला, स्नॉर्केलिंगच्या जागांना लागूनच, १८५० च्या सुमारास बांधलेल्या गुलामांच्या झोपड्या उभ्या आहेत. त्या इतक्या ठेंगण्या आहेत, की आत शिरायला जवळजवळ रांगावे लागते. मीठ काढणारी माणसे आठवडाभर त्यांत राहत. ज्या पाण्यात मी हौसेने तरंगत होते, त्याच्या काठावर १८६३ पर्यंत गुलामगिरी चालू होती, हे वाचल्यावर त्या दुपारी मी पुन्हा पाण्यात उतरले नाही.

प्रवाळाचे सगळे आलबेल आहे असेही नाही. कठीण प्रवाळाच्या ऊती गळून पडण्याचा एक रोग २०२३ मध्ये बोनेरलाही पोहोचला. म्हणून मास्क, नळी, फिन निर्जंतुक करून धुण्यास सांगितले जाते, आणि भाचा ते काम मनापासून करत होता.

आपल्याकडून कोणी जाणार असेल, तर वाऱ्याचा जोर वाढण्याआधी सकाळीच पाण्यात उतरावे आणि पोहता येत असले तरी पहिल्यांदा तरंगण्याचे जॅकेट घालावे. नळीत पाणी शिरल्यावर जोराने फुंकून ते बाहेर टाकणे ही कला मात्र आधी कमरेएवढ्या पाण्यात, तळाला निव्वळ वाळू असेल अशा जागी शिकून घ्यावी. ती जमेपर्यंत भाचेसुनेने मला प्रवाळाच्या दिशेने एक हातही मारू दिला नाही. मावससासूला शिस्त लावण्याची अशी संधी पुन्हा मिळणार नाही, हे तिला पक्के ठाऊक असावे.