दाढ गेली, मागोमाग हाडही

आज सांगलीच्या ओपीडीत दिवसभर एकच प्रश्न: “दाढ काढून वर्ष झालं, इम्प्लांट लगेच बसेल ना?” इम्प्लांट म्हणजे कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू. वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटते, त्यातली बरीचशी पहिल्या 3 महिन्यांतच. 4 मिमी व्यासाच्या इम्प्लांटला दोन्हीकडे किमान दीड मिमी हाड लागतं, म्हणजे एकूण 7 मिमी रुंदी. सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेत) 4 मिमीच दिसलं की आधी ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर: हाडाची पावडर (खरं तर रव्यासारखे दाणे), वर कोलॅजनचा पडदा, मग 4 ते 6 महिने थांबायचं. बिघडतं ते बहुधा टाक्यांपाशी. हिरडी ताणून शिवली की टाके उसवतात, पडदा उघडा पडतो, दाणे निसटतात. तंबाखू-मिश्रीने धोका आणखी वाढतो. काढती कवळी असेल तर तीही त्या जागेवर दाबू द्यायची नाही.