खुनी आधीच ठाऊक, मग बघता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी आलेला पाहुणा हमखास विचारतो, खुनी कोण ते सुरुवातीलाच दाखवून टाकणारी ती जुनी अमेरिकन 'कोलंबो' मालिका तुम्ही काय म्हणून बघता?

अहो, खुनी कळला, पण तो सापडतो कसा हे कुठं कळलंय? मळका रेनकोट घातलेला तो पोलीस लेफ्टनंट कोलंबो बावळटासारखं काहीबाही विचारतो, दारापर्यंत जातो आणि वळून म्हणतो, एक राहिलंच. आमच्याकडं कापसाचा भाव पाडायला आलेला व्यापारी अस्साच वळतो.

पण मला सगळ्यात आवडतो तो १९७५ चा, हेरांचा भाग. (शेवट सांगतोय. पन्नास वर्षं झाली, आता काय लपवायचं!) पॅट्रिक मॅगुहान त्यात सीआयएचा माणूस झालाय, दिग्दर्शनही त्याचंच. जुना साथीदार त्याची भानगड उघडी पाडायला निघतो, तर हा त्याला संपवतो. याच नटानं १९६७ मध्ये 'द प्रिझनर' मालिकेत राजीनामा दिलेल्या हेराचं काम केलं होतं. त्या हेराला जिथं डांबतात, त्या जागेचं नाव 'द व्हिलेज'. म्हणजे गावच! जो तो दुसऱ्यावर नजर ठेवून. आमच्या पारावर बसणाऱ्याला यात नवल वाटायचं नाही.

हेरांच्या गोष्टीत खोटं पकडून उपयोग नसतो, खोटं बोलणं हा त्यांचा धंदाच. त्यात खुद्द सीआयएचा डायरेक्टर येऊन कोलंबोला सांगतो, यातून लांब राहा. म्हणून पुरावा लागतो तो अगदी घरगुती. खुनाच्या वेळी रात्री मी भाषण टेप करत होतो, असं तो खुनी साहेब सांगतो. प्रत्यक्षात टेप आधीच करून ठेवलेली.

टेप वाजते इथपर्यंत आलो आणि लाईन गेली. पाठोपाठ मोबाइलचा टॉवरही. आजी शेजारीच तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून अंधारात मीच सगळं सांगितलं. टेपमध्ये खिडकीचा पडदा ओढल्याचा आवाज येतो, हेही सांगितलं.

"रातच्याले पडदा कायले ओढन कोनी?" तिनं विचारलं. "ऊन आलं असन तोंडावर. दिवस बुडाच्या आंधीच बोलून ठेवलं थ्यानं."

आमची पडवी पश्चिमेकडं. पाच वाजले की तीच उठून दाराला बारदान लावते.

सकाळी लाईन आल्यावर उरलेलं बघितलं. कोलंबो नेमका तेच म्हणतो. आजीला जाऊन सांगितलं, तर तिला खुन्याचं काही पडलेलंच नव्हतं.

"मावळतीले तोंड करून घर बांधू नये," ती म्हणाली. "तुह्या आज्यालेबी सांगतलं होतं म्या."