भोंगेवाला ऑडिओ शोमध्ये

सोमवार, रात्री साडेअकरा

विदर्भ एक्सप्रेसनं गोंदियाला उतरलो, तिथून वडशाची गाडी धरली आणि आलो एकदाचा घरी. धान निसवायला लागलंय, बांध्यांत पाणी आहे, म्हणजे मी दोन दिवस नसलो तर काही बिघडत नव्हतं, तरी बायको बोललीच की बाप्पा, जन्मभर स्पीकर उचलणारा माणूस स्पीकर पाहायला मुंबईला जातो. जेवलो, पडलो, झोप येईना, कान अजून तिकडंच आहेत, म्हणून विसरायच्या आत लिहून काढतो.

भाच्यानं पास काढून ठेवले होते. मोठ्या हॉटेलातला ऑडिओ शो, खोल्यांमधले पलंग बाहेर काढलेले आणि प्रत्येक खोलीत एकेक कंपनी आपली स्पीकरची जोडी मांडून बसलेली. आपण जायचं, खुर्चीवर बसायचं, गाणं ऐकायचं, किंमत विचारायची आणि गप उठायचं. लोक डोळे मिटून बसलेले, कोणी खोकलं तरी बाकीचे वळून बघायचे. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, प्रेक्षक पहाटेपर्यंत नाटक बघतो, मध्येच शेंगा खातो, शिट्टी मारतो, पोराला झोपवतो, आणि या सगळ्यावरून हिरॉईनचा हुंदका शेवटच्या रांगेत पोचवायचं काम माझं. त्यामुळं माझा हिशोब आजवर एकच, आवाज लांब जातो का. या लोकांचा हिशोब उलटा, आवाज जवळ येतो का. दोन्ही कामं स्पीकरचीच, पण दोघांचा अभ्यास वेगळा.

पेन ड्राइव्ह नेला होता. त्यात गावच्या भजन मंडळाची खंजेरी, शाळेच्या वऱ्हांड्यात एकाच माइकवर घेतलेली, आणि आमच्या एका नाटकाच्या तालमीतलं ऑर्गन-तबल्यावरचं पद. विदर्भात राहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजेरीवर स्पीकर तपासायचा नाही तर कशावर तपासायचा? आणि खंजेरी फार कठीण वाद्य आहे हो. पातळ कातड्यावर बोट पडतं तो आवाज क्षणात उभा राहतो नि क्षणात जातो, मागं झांजा वाजतात त्या भलत्याच वरच्या पट्टीत. स्पीकर जरा जरी आळशी असला तर बोट आणि झांज एकमेकांत कालवून टाकतो. काही खोल्यांत पेन ड्राइव्ह बघूनच तोंड वाकडं झालं, एका ठिकाणी तर सांगितलं की आमच्या सिस्टिमवर असलं चालत नाही. बरं बाबा. पण काही पोरांनी आनंदानं लावलं, वर विचारलं की हे कोणतं वाद्य.

पहिल्याच मोठ्या खोलीत बॉवर्स अँड विल्किन्स कंपनीचे ८०१ डी४ स्पीकर. एकेक नग शंभर किलोच्या आसपास, खाली बेसचे दहा-दहा इंची दोन वूफर, वर गोल डोक्यात मधल्या सुरांचा मिडरेंज आणि त्याच्याही माथ्यावर वरच्या सुरांचा, हिऱ्याचा ट्विटर. खराखुरा हिरा, कारखान्यात वायूपासून थरावर थर चढवून बनवलेला. ८०१ हे नाव १९७९ पासूनचं, आणि लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत या कंपनीचे स्पीकर बरीच वर्षं वापरात आहेत. हिरा कशाला तर ट्विटरचा घुमट एकसंध हलायला पाहिजे, एका हद्दीच्या वर तो स्वतःच वेडावाकडा व्हायला लागतो. ॲल्युमिनियमची ती हद्द साधारण ३० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० हजार कंपनं, हिऱ्याची ७०. माणसाचा कान जातो २० पर्यंत, आणि माझा कान भोंग्यासमोर गेलेला, त्याला १२ च्या वरचं काही कळतं की नाही मलाच शंका आहे, म्हणजे हिरा माझ्या उपयोगाचा नाही, पैसे वाचले. जोडीच्या किमतीत दोन-तीन ट्रॅक्टर सहज येतात.

आवाज मात्र, खोटं कशाला बोलू, भारी. फक्त बेसचं गणित तिथं बसत नव्हतं. मी मधल्या खुर्चीत बसलो तर खालचा सूर जसा गायबच, उठून मागच्या भिंतीला टेकलो तर तोच सूर छातीवर आला. त्यांचा माणूस म्हणाला, खोलीचा प्रॉब्लेम आहे. अगदी बरोबर. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५ मीटर अंतर असेल तर ३४ हर्ट्झच्या आसपासची लाट तिथंच अडकून उभी राहते, भिंतीपाशी सगळ्यात जोरात आणि मध्यावर जवळपास शून्य. मी इतकी वर्षं उघड्या मैदानात काम केलं, फार तर कनाती असतात, कापडाला कोण भितं, लाट आरपार निघून जाते, म्हणून हा भिंतींचा त्रास मला कधी झालाच नाही. आणि गंमत बघा, एवढाले पैसे खर्चून लोक जो स्वच्छ बेस शोधतात तो आमच्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या मैदानात फुकट आहे. मैदानात उणीव दुसरी, अंतर दुप्पट झालं की ६ डीबी गेले, डीबी म्हणजे आवाजाच्या जोराचं माप.

म्हणूनच खोली बदलून तुलना करणं मला फारसं पटलं नाही. भाच्याच्या मोबाइलमध्ये डीबी मोजायचं ॲप होतं. एका खोलीत ७५ दाखवत होतं, शेजारच्या खोलीत ९०, आणि लोक बाहेर येऊन सांगतात की दुसऱ्याचा बेस जास्त दमदार. असणारच ना. कमी आवाजात कान खालचे नि वरचे सूर कमीच धरतो, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून ठेवलंय. नुसतं व्हॉल्यूम वाढवून गिऱ्हाईक पटवायची ही युक्ती आमच्या धंद्यात पण जुनी आहे.

आता केईएफ कंपनीचा ब्लेड. यावर मी सगळ्यात जास्त वेळ बसलो. दिसायला उंच, अरुंद, समोर एकच गोल, आणि त्या एका गोलात मिडरेंजच्या बरोबर मध्ये ट्विटर बसवलेला. याला युनि-क्यू म्हणतात, १९८८ पासून करतात. बेसचे चार ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे गोल, बाजूला, दोन या अंगाला नि दोन त्या अंगाला, पाठीला पाठ लावून. एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो. चालू गाण्यात मी त्याच्या अंगाला तळहात लावला, कॅबिनेट गार आणि मुडदा, काहीच हालचाल नाही, आणि कानात बेस चालूच. माझ्या बेसच्या पेटीवर चहाचा ग्लास ठेवला तर तो चालत काठाशी येतो.

तिथं त्या पोरानं खंजेरी लावली. भजनाचा आवाज मधोमध, वाजवणारा किंचित उजवीकडं, टाळकरी त्याच्या मागं. मी खुर्चीवरून डावीकडं सरकलो, मग उभा राहिलो, मंडळी जागची हलली नाहीत. सगळे सूर एकाच बिंदूतून निघाल्यासारखे येतात त्यामुळं ऐकणारा कुठं बसला याचा फार फरक पडत नाही. माझ्या डोक्यात तेव्हाच चक्र सुरू झालं, ते शेवटी लिहितो.

क्वाड कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर एका शौकीन माणसानं आणून ठेवले होते, जुनंच मॉडेल, १९५७ साली पीटर वॉकरनं काढलेलं. खोकं नाही, शंकूसारखा पडदा नाही, मॅग्नेट नाही. जाळीच्या दोन पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकची पातळ फिल्म ताणलेली, तिला हजारो व्होल्टचा दाब, आणि गाण्याच्या सिग्नलनं ती पुढं-मागं होते. दिसायला खोली गरम करायच्या हीटरसारखा. त्यावर ऑर्गनचं पद लावलं तर गाणारीनं ओळीच्या आधी घेतलेला श्वास ऐकू आला, आणि रेकॉर्डिंग मीच केलेलं असून तो श्वास त्यात आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. बेस मात्र नावाला. पाठीमागूनही तेवढाच आवाज निघतो, तो पुढच्या आवाजाला खालच्या सुरांत खातो. जोरात वाजवता येत नाही, धुळीची भीती, आमच्याकडची धान मळणीची धूळ बघून तर तो जागेवर जीव देईल. पण माणसाचा गळा ऐकावा तर यावरच.

बाकी विल्सन कंपनीच्या खोलीत रांग एवढी की उभ्यानंच एक गाणं ऐकलं, त्यावर मत देणं बरोबर नाही. केरळच्या रेथम कंपनीचे स्पीकर मात्र आवडले, एकाच ड्रायव्हरवर जवळपास सगळं गाणं काढतात, आपल्या देशात कोणी असं वेड घेऊन बसलंय हे बघून बरं वाटलं.

आणि मग क्लिप्शहॉर्न. भाचा हसला, म्हणाला, "मामाजी, हे पाहा, तुमचाच भोंगा आहे ना!"

आहेच. पॉल क्लिप्श नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९४६ मध्ये काढला, अजून बनतोय. खोलीच्या कोपऱ्यात घुसवून ठेवायचा, कोपऱ्याच्या दोन भिंती म्हणजेच बेसच्या भोंग्याचं पुढचं तोंड, आत लाकडी घड्या घालून नळी लांब केलेली. एका वॅटला एका मीटरवर १०५ डीबी. त्याच मजल्यावर केईएफचा छोटा एलएस५० होता, तो ८५. म्हणजे २० डीबीचा फरक, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी छोट्याला १०० पट वॅट लागणार. हा फायदा आम्हाला पाठ आहे, ज्या गावात व्होल्टेज नसतं तिथं भोंगाच कामाला येतो. फरक एवढा की आमचा पत्र्याचा भोंगा ३०० हर्ट्झच्या खाली काही देत नाही, पाच-सहा हजारांच्या वर पण काही नाही, मधलंच सगळं ओरडून सांगतो. क्लिप्शहॉर्नवर खंजेरी लागली आणि मी सरळ उठून बसलो. बोट पडतं तसा आवाज, दचकवणारा. ब्लेडवर मंडळी समोर बसली होती, इथं थाप अंगावर आली. गळा थोडा नाकातला वाटला, क्वाड ऐकून आलो होतो म्हणून जास्तच वाटला असेल. पण जिवंतपणात याच्या जवळ दुसरं कोणी नव्हतं, आणि हे मी भोंगेवाला आहे म्हणून म्हणत नाही, म्हणजे थोडं म्हणूनच.

जिन्यात भाच्यानं विचारलंच, "मग मामाजी, तुमाले कोणता पटला?"

म्हणलं, "बाबू, घरी क्वाड, मैदानात क्लिप्श, आन् शिकाले ब्लेड."

शिकाले म्हणजे असं. ब्लेडचा आवाज एकाच बिंदूतून येतो, माझा चार ठिकाणांहून. आमच्याकडं मंडप लांब म्हणून मी स्टेजपाशी दोन भोंगे लावतो आणि मध्ये बांबूवर आणखी दोन. सगळ्यांना तारेतून आवाज एकदमच पोचतो, पण हवेतून यायला वेळ लागतो, १७ मीटरला ५० मिलिसेकंद. मागच्या माणसाला आधी डोक्यावरचा भोंगा ऐकू येतो, मग स्टेजवरचा, शब्दाला शेपूट लागते. हिरॉईन समोर रडते आणि आवाज वर बांबूतून येतो. प्रेक्षक म्हणतात आवाज फाटला, आणि आम्ही व्हॉल्यूम वाढवतो. यंदा मधले दोन काढायचे, स्टेजच्याच दोन भोंग्यांना अजून चार फूट उंच न्यायचं, आणि कुठं मंडप फारच लांब असला तर नव्या डिजिटल मिक्सरमधून मधल्यांना अंतर मोजून डिले द्यायचा, म्हणजे आवाज तेवढा उशिरा सोडायचा. मिक्सरमध्ये ते बटण आहे, आजवर हात लावला नव्हता.

दिवाळीनंतर सीझन सुरू. नाटक कंपनीचा मालक पहिल्याच प्रयोगाला विचारणार की पैसे तेवढेच आन् भोंगे काऊन कमी केले. त्याला स्टेजवर नाही थांबू द्यायचं, तिसरी घंटा झाली की हात धरून शेवटच्या रांगेत नेऊन बसवायचं. तिथं बसून पहिला अंक ऐक म्हणावं, मग भाड्याचं बोलू.